पुढच्या शॉकअपचा बूट फाटलाय: नुसता बूट बदलावा की अख्खा स्ट्रट?

लालमाती

मंडळी, सल्ला हवा आहे. गाडी पेट्रोल हॅचबॅक, सात वर्षांची, ७० हजार किमीच्या आसपास. राहणं रत्नागिरीत आणि आंबा घाटातून कोल्हापूरला नेहमीचं जाणं-येणं. पावसाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा कळलं की पुढच्या दोन्ही शॉकअपचे रबरी बूट, म्हणजे रॉडवरची घड्यांची आवरणं, गेलेत. डावा जागेवर आहे, पण घडीघडीला चिरलाय. उजवा वरून सुटून खाली घसरलाय, त्यामुळे आतला चकचकीत रॉड उघडाच दिसतो. चालवताना काहीही जाणवत नाही. आवाज नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही, टायर सारखे झिजलेत.

सर्व्हिस सेंटर म्हणतं, दोन्ही शॉकअप, माउंटिंग, बेअरिंग, सगळं बदला. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो, "साहेब, गाडी चालतेय ना? मग गळायला लागलं की बघू." मधलं काही आहे की नाही?

पाना_१४_१५

दोघांनीही रॉड न बघता मत दिलेलं दिसतंय. बूट फाटला ही अर्धीच बातमी. रॉड कसा आहे ते सांगा, मग बोलू.

चाक न काढता बघता येतं. स्टेअरिंग एका टोकाला पूर्ण फिरवा, चाक आणि मडगार्डच्या फटीतून स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये टॉर्च मारा. अजून नीट बघायचं तर ती बाजू जॅकवर उचला. चाक लोंबकळलं की रॉड पूर्ण बाहेर येतो, बूट ताणला जातो आणि एरवी घडीत लपलेल्या चिरा उघड्या पडतात. (जॅकसोबत घोडीही, म्हणजे वजन पेलणारा स्टँडही, लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये.)

मग रॉड मऊ फडक्याने पुसा आणि नख खालून वर ओढत न्या. नख अडकलं तर तिथे खड्डा आहे. आता तो *कुठे* आहे हे महत्त्वाचं. रॉडचा सगळ्यात वरचा तीन-चार बोटं भाग बंप स्टॉपरमध्ये (बुटाच्या आतला धक्का घेणारा फोम) असतो, तो सीलपर्यंत (नळकांड्याच्या तोंडाशी तेल अडवणारं रबर) कधीच पोचत नाही. तिथला गंज दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. खालचा पट्टा, जो गाडी उभी असताना सीलच्या आसपास असतो, तो मात्र दिवसभर सीलमधून आत-बाहेर करत असतो. तिथे नख अडकलं तर गळती आज ना उद्या ठरलेली.

आणि सीलपाशी नुसती तेलकट धूळ दिसली म्हणून घाबरू नका. रॉडवर तेलाचा पातळ थर राहणारच, त्याशिवाय सील टिकणार नाही. नळकांड्यावरून ओघळ खाली आलेला असेल, त्यावर चिखलाचा ओला लपका असेल, तर ती गळती.

तिरकस

लालपरीला पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. बूट नाही, काही नाही, तरी आंबा घाट चढतेच की रोज.

पाना_१४_१५

चढते. पाट्यांच्या जोडीला तिलाही शॉकअप असतात, आणि ते बदलायला तिच्याकडे डेपो असतो. तुमच्याकडे आहे का?

गॅरेजभाऊ

सांगलीत छोटं गॅरेज आहे, सस्पेन्शनचंच काम जास्त येतं. थोडं सविस्तर लिहितो.

पुढच्या चाकाला आहे तो नुसता शॉकअप नाही, स्ट्रट आहे. गाडीचं वजन पेलणारी स्प्रिंग त्याच्यावरच बसलेली असते आणि स्टेअरिंग फिरवलं की तो अख्खा वरच्या बेअरिंगवर फिरतो. म्हणजे त्याच्या रॉडला वर-खाली होणं आहे, आणि वळणावर, ब्रेक मारताना आडवा दाबही आहे. म्हणून मागच्या साध्या शॉकअपपेक्षा पुढच्या स्ट्रटचा रॉड जाड असतो.

त्या रॉडवर हार्ड क्रोमचा थर असतो, तोही मायक्रॉनमध्ये मोजायचा, केसाहून पातळ. क्रोम कडक खरं, पण त्याला मुळातच डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. रॉड कोरडा आणि स्वच्छ असेल तर त्या चिरांनी काही होत नाही. ओला चिखल बसून राहिला की पाणी चिरेतून खालच्या लोखंडापर्यंत जातं, गंज आतून फुगतो आणि क्रोमची टिकली उडते. चाकाने उडवलेला खडा बसला तरी तेच. उरलेल्या खड्ड्याची कड ब्लेडसारखी असते, आणि रस्त्याच्या प्रत्येक गचक्याला ती सीलच्या ओठावरून फिरते. सील कापलं की तेल बाहेर. गॅसवाला शॉकअप असेल तर आतला नायट्रोजनही जातो.

बुटाचं काम एवढंच, की हे सगळं सुरूच होऊ नये. तो भार घेत नाही, आवाज थांबवत नाही. म्हणून तो फाटला तरी चालकाला पत्ता लागत नाही आणि म्हणूनच मेकॅनिकही मनावर घेत नाहीत.

बुटाच्या आत पिवळट फोमचा बंप स्टॉपर असतो. साधा फोम नाही, सूक्ष्म छिद्रांचा पॉलियुरेथेन. स्पीडब्रेकरवर गाडी जोरात बसली की शेवटच्या क्षणी तो दाबला जाऊन धक्का घेतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांत बूट बाहेरून धड दिसतो आणि आत या स्टॉपरचा भुगा झालेला असतो. मग गाडी बसली की शॉकअपला आतून लोखंडावर लोखंड बसतं आणि तळाचा व्हॉल्व्ह जातो. बूट बघताना तो वरून दाबून आत स्टॉपर शाबूत आहे का तेही चाचपा.

आता पैशाचं. बूट आणि स्टॉपर काही शे रुपयांत येतात. पण तिथे पोचायचं तर स्ट्रट उतरवा, स्प्रिंग दाबा, वरचा नट काढा. नवा शॉकअप टाकायला जी मजुरी, तीच दोनशे रुपयांच्या बुटाला. सर्व्हिस सेंटर "सगळंच बदला" का म्हणतं याचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं तुम्हाला माहीत आहे. नाक्यावरचा "गळल्यावर बघू" म्हणतो तेही याच हिशोबाने: गिऱ्हाईक बुटासाठी मजुरी देत नाही, हा त्याचा अनुभव.

मी असं करतो. सीलच्या पट्ट्यात रॉड स्वच्छ असेल तर पाऊस लागायच्या आत बूट-स्टॉपर नवे. खड्डे असतील आणि अजून गळत नसेल तर बुटावर पैसे घालवत नाही. गिऱ्हाइकाला सांगतो की चालव, दर सर्व्हिसिंगला दाखव, गळायला लागलं की दोन्ही बाजूंचे शॉकअप एकदम. मात्र नव्या शॉकअपवर जुना बूट चढवायचा नाही. बऱ्याचदा शॉकअपच्या खोक्यात बूट येतच नाही, वेगळा मागवावा लागतो, आणि आदल्या दिवशी मागवायला विसरले की "जुनाच चांगलाय" असं सांगितलं जातं. बिलात बूट वेगळा लिहिलाय का बघा.

स्टेअरिंगताई

गॅरेजभाऊ, छान लिहिलंत. माझ्या गाडीचा पण बूट फाटलाय असं सांगितलंय, पण मला पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना कट-कट-कट आवाज येतो आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालंय. तुमच्या म्हणण्याप्रमाणे बूट फाटला तर आवाज येत नाही. मग?

गॅरेजभाऊ

ताई, तो वेगळा बूट. तुमचा अॅक्सलचा आहे, इंजिनाकडून चाकाला फिरवणारा जो आडवा शाफ्ट असतो त्याच्या टोकाच्या जॉइंटवरचा. त्या बुटात ग्रीस भरलेलं असतं. तो फाटला की चाकाबरोबर फिरता फिरता ग्रीस बाहेर फेकलं जातं, आत माती जाते आणि जॉइंट खातो. कट-कट येते म्हणजे जॉइंटला मार बसलाय. नुसता बूट-ग्रीस बदलून भागेल की जॉइंट लागेल हे उघडल्यावर कळेल, पण हे काम लांबवू नका. स्ट्रटच्या बुटाला महिना-दोन महिने थांबलं तर चालतं, याला नाही.

तिसरा स्टेअरिंग रॅकचा (स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा आडवा दांडा) बूट असतो, दोन्ही टोकांना एकेक. मेकॅनिक तिन्हीला नुसतं "बूट" म्हणतात, तेव्हा लिफ्टवर बोट लावून दाखवा म्हणावं.

स्टेअरिंगताई

धन्यवाद भाऊ, उद्याच नेते.

रविवारचा_मेकॅनिक

स्प्रिंग कॉम्प्रेसर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, हूकवाल्या दोन लांब बोल्टांचा. सॉकेट सेट, टॉर्क रेंच, घोड्या घरी आहेत. ब्रेक पॅड मी स्वतःच बदलतो. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये का करू नये? मजुरी वाचली तर बूट खरंच दोनशेत पडेल.

गॅरेजभाऊ

स्ट्रट उतरवणं तुम्हाला जमेल. ब्रेक होजची आणि एबीएस वायरची क्लिप सोडवायची, लिंक रॉड काढायचा, खालचे दोन बोल्ट, वरचे नट. हबला (ज्याच्यावर चाक बसतं तो भाग) खालून किंवा तारेने आधार द्या, नाहीतर सगळं वजन ब्रेक होजवर लटकतं आणि अॅक्सल आतल्या जॉइंटमधून ओढला जातो. इथपर्यंत ठीक.

पुढे मात्र थांबा. ती स्प्रिंग मोकळी दिसत असली तरी वरच्या नटने दाबून धरलेली असते, आणि काढण्यासाठी तुम्ही ती अजून दाबणार. ती सुटली तर जबडा फुटतो, हात जातो, माणूसही जातो. त्या स्वस्त कॉम्प्रेसरचे हूक वेटोळ्यावरून सरकतात, धागे कोरडे असले तर अडकतात. दोन्ही बोल्ट बरोबर समोरासमोर हवेत, थोडं थोडं आलटून पालटून आवळायचं. इम्पॅक्ट गन लावायची नाही. वरची वाटी हाताने फिरू लागेपर्यंत मधल्या नटाला पाना लावायचाच नाही. आणि काम चालू असताना स्प्रिंगच्या टोकासमोर तोंड आणायचं नाही.

माझं ऐकाल तर स्ट्रट घरी उतरवा, रिक्षात घालून गॅरेजला न्या, तिथल्या उभ्या कॉम्प्रेसरवर बूट बदलून आणा आणि घरी बसवा. मी असं काम घेतो, बाकीचेही घेतात. निम्मी मजुरी वाचते, बोटं सगळी राहतात.

पाना_१४_१५

+१. भर घालतो: मधला नट काढताना रॉड फिरतो म्हणून काही जण त्याला ग्रिपने पकडतात. मग ज्या क्रोमसाठी हा खटाटोप, त्यावर स्वतःच दात उमटवले. रॉडच्या माथ्यावर अॅलन की किंवा चपटा पाना धरायची सोय असते, तीच वापरायची. नट नायलॉनवाला असेल तर नवा घ्या. जोडताना स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला टेकलंय ना ते बघा. आणि सुटं करताना फोटो काढत जा: माउंटिंग, बेअरिंग, वरची वाटी, बूट, स्टॉपर. बेअरिंग उलटं बसलं तर स्टेअरिंग जड होतं आणि मग माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

मिशिगनमामा

इकडचं थोडं. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे रॉडपेक्षा स्प्रिंगच आधी गंजून तुटते, आणि खालचे बोल्ट जाम होतात ते वेगळंच. इथे घरी काम करणारे बहुतेक लोक स्प्रिंग दाबण्याच्या फंदात पडत नाहीत. मन्रोचा "क्विक-स्ट्रट" किंवा तसलाच दुसऱ्या कंपनीचा तयार जोड घेतात. नवा स्ट्रट, नवी स्प्रिंग, माउंटिंग, बूट, सगळं कारखान्यातच जोडलेलं. जुना काढा, नवा लावा. महाग पडतं, पण बूट, स्टॉपर, बेअरिंग एका झटक्यात नवे होतात. भारतात छोट्या गाड्यांना असं मिळतं का?

गॅरेजभाऊ

मामा, आमच्याकडे अजून सुटे भागच चालतात. मजुरी स्वस्त आणि पार्ट महाग, तुमच्याकडे नेमकं उलट.

घाटवाटा

मी दोन्ही बाजूंचे सुटलेले बूट वर ओढून प्लॅस्टिकच्या केबल टायने वर आणि खाली घट्ट बांधलेत. एक पैसा खर्च नाही. दोन पावसाळे झाले.

पाना_१४_१५

वर बांधलंत ते चालेल. बुटाची वरची कड माउंटिंगच्या खाचेतून निसटली असेल आणि रबर जिवंत असेल, तर गाडी उचलून ती हाताने परत खाचेत बसवता येते, टायची गरजही पडत नाही. खाली मात्र घट्ट बांधू नका. रॉड आत गेला की बुटातली हवा कुठेतरी जायला हवी आणि बाहेर आला की परत यायला हवी. म्हणून बुटाला खाली बारीक छिद्रं असतात किंवा खालचं टोक सैल ठेवलेलं असतं. दोन्ही टोकं आवळली तर एक तर बूट फुग्यासारखा फुगून घडीत फाटतो, नाहीतर टायच्या फटीतून पाणी आत ओढतो. ते पाणी मग आतच राहतं. खालचा टाय कापून रॉड बघा एकदा.

घाटवाटा

कापला. पाणी नाही, पण ओलसर लाल गाळ निघाला. खालचा परत बांधत नाही.

तिरकस

मग रॉडला ग्रीस चोपडून ठेवलं तर? पाणीच लागणार नाही.

गॅरेजभाऊ

अजिबात नको. ग्रीसमध्ये धूळ बसते, आणि कोकणातली जांभ्याची बारीक माती असेल तर ती तयार घासायची पेस्ट होते. सील त्यावरच फिरणार. रॉड कोरडा ठेवायचा, बस. आपल्याकडे धुवून झाल्यावर गाडीखाली डिझेल किंवा ऑइल फवारायची पद्धत आहे, ती तर मी माझ्याकडे बंदच केली. गिऱ्हाइकाला वाटतं गंज थांबतो. रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं, आणि बुटांबरोबर सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुशही जातात. खालून गंजरोधक कोटिंग मारून घेत असाल तर स्ट्रट आणि बूट झाकून मारायला सांगा. घडीत कोटिंग सुकलं की बूट दुमडत नाही, तुटतो. धुताना प्रेशरचा पाइप जवळून थेट बुटावर धरायचा नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

जुनापुराणा

अवांतर: ज्याच्यावरून एवढी चर्चा चाललीय तो स्ट्रट अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्समध्ये तो शेवरोले कॅडेट नावाच्या छोट्या गाडीवर काम करत होता. ती गाडी बाजारात आलीच नाही. मग तो फोर्डमध्ये गेला आणि १९५० साली ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफरला हे सस्पेन्शन मिळालं. कमी भाग, कमी जागा, कमी खर्च. पुढे इंजिन आडवं आणि पुढची चाकं ओढणारी छोटी गाडी आली तेव्हा ही जागेची बचत फारच कामी आली. आपल्या रस्त्यांवरच्या जवळपास सगळ्या हॅचबॅक पुढून यावरच उभ्या आहेत.

लालमाती

सर्वांचे आभार. काल घोडी लावून दोन्ही बाजू बघितल्या आणि चक्रावलो. उजवीकडचा रॉड, जो पूर्ण उघडा होता, तो पुसल्यावर आरशासारखा. नख कुठेच अडकत नाही. डावीकडे बूट जागेवर होता, नुसता चिरलेला, आणि तिथे सीलच्या वर दोन बोटांवर तीन-चार खड्डे. खाली ओघळही सुरू झालाय. उलट कसं?

गॅरेजभाऊ

उलट नाही. उघडा रॉड पावसात धुतला जातो, वाऱ्याने वाळतो, आणि सील प्रत्येक हालचालीला त्याला पुसतं. चिरलेला बूट चिखल आत घेतो आणि सोडत नाही. डावीकडचा रॉड पावसाळाभर ओल्या पोत्यात गुंडाळल्यागत राहिला. म्हणून अर्धवट फाटका बूट जास्त वाईट. उघडा ठेवा असं मी म्हणत नाही, एखादा खडा बसला की उजव्याचीही तीच गत होईल. डावीकडे ओघळ आहे म्हणजे प्रश्न संपला, दोन्ही बदला.

रविवारचा_मेकॅनिक

पण उजवा चांगला असताना तो का फेकायचा? डावा एकटा बदलून उजव्याला फक्त बूट टाकला तर?

गॅरेजभाऊ

गाडी नवी असती, दहा-पंधरा हजार किमी, तर तेच केलं असतं. ७० हजारांवरचा शॉकअप गळत नसला तरी आतले व्हॉल्व्ह आणि तेल थकलेलं असतं. एका बाजूला नवा, एका बाजूला थकलेला, तर खराब रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की दोन चाकं रस्त्याला वेगवेगळी धरतात. आंबा घाटातल्या उतारावर तो प्रयोग नको. माउंटिंग आणि बेअरिंग मात्र उतरवल्यावर हातात घेऊन फिरवून बघा. रबर तडकलेलं नसेल, बेअरिंग खरखरत नसेल, तर ते परत चालतील. सर्व्हिस सेंटरच्या यादीतली तेवढी रक्कम वाचेल.

लालमाती

झालं काम. दोन्ही शॉकअप, बूट, स्टॉपर नवे. माउंटिंग जुनीच ठेवली, डावं बेअरिंग खरखरत होतं म्हणून तेवढं एक नवीन. बिलात बूट वेगळे लिहून घेतले. गॅरेजवाला म्हणाला, अलाइनमेंटची गरज नाही, बोल्टवर खुणा करून परत तिथेच लावलेत.

पाना_१४_१५

जुनाच स्ट्रट परत लावला असता तर खुणांवर निभावलं असतं. नवीन स्ट्रटच्या बोल्टांच्या भोकात थोडी ढील असते, तेवढ्यावर चाकाचा कल बदलतो आणि त्याबरोबर टो पण, म्हणजे चाकं समोरून आत-बाहेर किती वळलीत ते. दोन-चारशे किमी चालवा, स्प्रिंगा बसू द्या, मग अलाइनमेंट करून घ्या आणि आधीचा-नंतरचा कागद मागा. त्याआधीच स्टेअरिंग वाकडं राहतंय किंवा गाडी ओढतेय असं वाटलं तर थांबू नका, लगेच न्या.

स्टेअरिंगताई

माझं पण सांगते. जॉइंटच बदलावा लागला, बाहेरचा. आवाज बंद. आता एक विचारू का? मागच्या शॉकअपना पण बूट असतात का? ते बघायला सांगितलंच नाही कोणी.

गॅरेजभाऊ

असतात, ताई. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळे तिथे स्प्रिंग दाबायची भानगड नसते. वरचा नट, खालचा बोल्ट, शॉकअप हातात. काहींना रबरी बुटाऐवजी प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं नळकांडं असतं. ते तडकून सुटलं की खडखड वाजतं आणि लोक डिकीत जॅक हलतोय का ते बघत बसतात. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर असेल तेव्हा दोन मिनिटं मागेही टॉर्च मारायला सांगा. शॉकअप काढताना मागच्या अॅक्सलखाली जॅकचा आधार हवा, नाहीतर तो खाली लोंबतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. हे मेकॅनिकला माहीत असतंच, पण तुम्ही शेजारी उभ्या असाल तर नजर ठेवा.